किलबिलाट नेमका कुणाचा?

मराठी शाळांत एक निबंध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असो, ‘माझा आवडता ऋतू’ असो, नाहीतर ‘निसर्ग : माझा सखा’. धरती हिरवा शालू नेसते, झरे झुळझुळ वाहतात, पक्ष्यांचा किलबिलाट होतो आणि शेवटी मन प्रसन्न होऊन जाते. गाइडात तो तयार मिळतो, शिकवणीत तो पाठ करून घेतात आणि पेपर तपासणाऱ्याला तो इतका सवयीचा झालेला असतो की गुण देण्यासाठी पुरता वाचावाही लागत नाही. गंमत अशी, की याच मुलांनी व्याकरणाच्या तासाला ध्वनिदर्शक शब्दांचा तक्ता घोकलेला असतो. कोंबड्याचे आरवणे, पारव्याचे घुमणे, घुबडाचा घुत्कार, मोराचा केकारव, भुंग्याचा गुंजारव. एवढी शिदोरी गाठीला असताना निबंधात मात्र सगळ्या पक्ष्यांना मिळून एकच किलबिलाट. तो नेमका कुणाचा, हे ना मुलाला ठाऊक, ना मास्तरांना.

मराठीत निसर्गलेखनाची परंपरा चांगली भक्कम आहे. ती वाचत मोठी झालेली मुलेही कमी नाहीत. तरीही लिहायला बसले की हात शालूकडेच का वळतो? निसर्गावरच्या चांगल्या गद्यात भाषा नेमके काय करते आणि विद्यार्थ्याला ती कुठे हाती लागते, कुठे निसटते, हे त्यासाठी पाहावे लागते.

आधी घरातल्या साठ्याकडे पाहू. पावसाचेच घ्या. वळीव, भुरभुर, रिपरिप, संततधार, विदर्भातली दिवसेंदिवस न हटणारी झड, मधली उघडीप. शेतकऱ्याचे पावसाचे कॅलेंडर अजून नक्षत्रांवर चालते. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’. पावसाने ‘ओढ दिली’ म्हणजे काय आणि जमिनीला ‘वापसा’ आला म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या सातवीतल्या मुलीला पक्के माहीत असते. ओल इतकीच हवी की माती औताला चिकटणार नाही आणि बी मात्र उगवेल. एवढा सगळा अंदाज त्या एका शब्दात मावतो. पण निबंधात ती ‘वापसा’ लिहीत नाही. हा शब्द बाबांचा, शाळेचा नव्हे, असे तिला कुणी तोंडाने सांगितलेले नसले तरी कळलेले असते. निसर्गाची सगळ्यांत नेमकी भाषा बोलणारी मुले वर्गात ती भाषा दप्तराबाहेर काढत नाहीत, हा मराठी शिक्षणातला मोठा तोटा आहे आणि त्याच्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

म्हणींचेही तसेच. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुले वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ करतात, पण पळसाखाली नेऊन पाने मोजायला लावणारा शिक्षक विरळा. मोजली तर कळते की वनस्पतिशास्त्र ज्याला त्रिदल संयुक्त पान म्हणते तेच म्हणीत आले आहे. आणखी एक पाऊल टाकले तर गोष्ट रंगते, कारण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. दोघेही शेंगावर्गातले. काटेसावरीचे पान मात्र पंजासारखे, पाच ते सात पर्णिकांचे. माघ-फाल्गुनात ही तिन्ही झाडे लाल-केशरी पेटलेली असतात आणि लांबून पाहणारा तिघांनाही ‘पळस फुलला’ म्हणून मोकळा होतो. म्हण ज्या कुणी रचली त्याने मात्र झाडाजवळ जाऊन पान हातात घेतले होते.

ही सवय मराठीला फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातली हालाची ‘गाथा सप्तशती’ गोदाकाठच्या शेतांनी, रानांनी आणि तिथल्या माणसांनी भरलेली आहे. पुढे बालकवींनी (१८९०–१९१८) निसर्गाला स्वतंत्र विषयाचा मान दिला. त्यांचे रंग त्यांच्या काळात ताजे होते. शंभर वर्षांत ते हाताळून हाताळून झिजले आणि त्यांचा उरलेला चोथा निबंधाच्या वहीत आला, यात दोष बालकवींचा नाही. दोष द्यायचाच तर चेतनगुणोक्ती अलंकार शिकवण्याच्या पद्धतीला द्यावा. निर्जीवाला सजीव केले की गुण मिळतात, एवढेच मूल त्यातून शिकते.

गद्यात या विषयाचा खरा पाया दुर्गा भागवतांनी घातला. ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. मराठी महिन्यांच्या क्रमाने जाणारे हे ललित निबंध अरण्यात तळ ठोकून लिहिलेले नाहीत. मुंबईसारख्या शहरात राहणारी बाई आभाळ, समुद्र, रस्त्याकडेची झाडे वर्षभर किती बारकाईने पाहू शकते, याचा तो पुरावा आहे. त्या फुलांइतकेच पालवीकडे, शेंगांकडे आणि पानगळीकडे लक्ष देतात. लोकसाहित्याचा आणि संस्कृतचा व्यासंग असल्यामुळे झाडाशेजारी त्याची कथाही सहज येऊन बसते. विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यावे ते हे, की निसर्ग पाहायला ताडोब्याचे तिकीट काढावे लागत नाही. घेऊ नये ती त्यांची संस्कृतप्रचुर वाक्यरचना. ती त्यांच्या व्यासंगातून आली होती. नवख्याच्या हाती ती नुसती जड होते.

दुसऱ्या टोकाला व्यंकटेश माडगूळकर. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी, आणि रेखाटने करणाऱ्या चित्रकाराची नजर. त्यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक आणि नंतरची ‘सत्तांतर’ (१९८२) ही छोटी कादंबरी शेजारी ठेवून वाचावी. ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय वानरांच्या टोळ्यांचा. हुप्प्या नर टोळी काबीज करतो तेव्हा आधीच्या नराच्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो, हे सत्य त्याआधीच्या दोन दशकांत धारवाड, जोधपूर, अबू इथल्या अभ्यासांतून पुढे आले होते. सारा ब्लाफर हर्डी यांचे अबूच्या वानरांवरचे पुस्तक १९७७चे. अशा विषयात लेखकाला दोन मोह होतात. एक, नराला खलनायक करून टाकण्याचा आणि दुसरा, माणसांच्या राजकारणाचे रूपक वाचकाच्या गळी उतरवण्याचा. माडगूळकर दोन्ही टाळतात. नाव ‘सत्तांतर’ ठेवतात आणि पुढचे वाचकावर सोपवतात. चेतनगुणोक्तीचे धडे गिरवणाऱ्या मुलाला हे पुस्तक एकदा तरी द्यायला हवे.

मारुती चितमपल्लींची वाट तिसरी. सोलापूरच्या या माणसाने वनखात्यात नोकरीचे आयुष्य घालवले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ ही पुस्तके बहुतेकांनी वाचलेली असतात, पण विद्यार्थी लेखकाला खरा उपयोगी पडावा असा त्यांचा ग्रंथ ‘पक्षीकोश’. एकेका पक्ष्याला कुठल्या मुलखात काय म्हणतात ते त्यांनी जमवले. हे काम टेबलावर बसून होणारे नव्हते. पारधी, गोंड, कोळी, ढीवर, वनमजूर यांच्याशी बोलत फिरल्याशिवाय ती नावे मिळत नाहीत. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. असे शब्द गोड आहेत हे खरे, पण बोलण्यात फारसे उतरले नाहीत. त्यांच्या लेखनात रुजलेले शब्द लोकांच्या तोंडून आलेले आहेत.

पुढे किरण पुरंदरे नागझिऱ्यात जाऊन तब्बल चारशे दिवस राहिले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले. म्हणजे विदर्भातल्या एका अभयारण्यावर (ते जाहीर झाले १९७०मध्ये, आता नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे) मराठीत तीन लेखकांचे तीन तऱ्हांचे गद्य उपलब्ध आहे. कथाकाराचे, वनाधिकाऱ्याचे आणि पक्षिनिरीक्षकाचे. महाविद्यालयात भाषाशैली शिकवायला यापेक्षा चांगली सामग्री मागून मिळणार नाही. तिघांची पाणवठ्याची वर्णने घ्यावीत, प्रत्येकातली नामे, क्रियापदे, विशेषणे वेगळ्या रंगांनी अधोरेखित करावीत. मग ‘शैली’ हा शब्द फळ्यावरून खाली उतरतो आणि मुलाच्या हाताशी येतो.

शरदिनी डहाणूकरांचे ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’, मिलिंद वाटव्यांचे ‘आरण्यक’, गोव्यात सत्तरीच्या परिसरातून मराठीत लिहिणारे राजेंद्र केरकर, हेमलकशाचा प्रकाश आमट्यांचा ‘रानमित्र’, अशी यादी लांबवता येईल. पण मुद्दा यादीचा नाही.

नावे कळली म्हणजे निसर्ग कळला, असा एक भाबडा समजही या लेखनात पसरलेला आहे. सुगरणीचे उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरींच्या सुगरणीने अख्ख्या महाराष्ट्राला खोपा पाहायला शिकवले. त्यांची गाणी १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली आणि घरटे विणणारी आई मराठी मनात कायमची जाऊन बसली. पण त्याच्या वीसेक वर्षे आधी, १९३०च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीमला सलीम अली याच पक्ष्याच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसले होते. त्यांना दिसले ते असे. खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून घरटे पारखतात आणि बहुतेकदा नाकारून निघून जातात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसरे विणायला घेऊन दुसरीची वाट पाहतो. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवण्याचा भार मादीवर. म्हणजे कारागिरी नराची, संसार मादीचा. बहिणाबाईंचे मातृत्व खोटे ठरत नाही, विणकाम तेवढे दुसऱ्याच्या नावावर जाते. कोकिळेचेही असेच. वसंतात ‘गाणारी कोकिळा’ हा काळा नर असतो. मादी ठिपकेदार, तपकिरी, आणि तिचा आवाज कर्कश. हे कळल्यावर विद्यार्थ्याने कविता टाकून द्यावी काय? मुळीच नाही. कवितेने त्याला खोप्यापर्यंत आणले. तिथून पुढे त्याने स्वतः पाहावे.

कास पठारावरची गोष्ट तर याहून बहारीची. साताऱ्याजवळचे हे जांभ्या खडकाचे सडे पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले आणि तेव्हापासून दर भाद्रपदात वर्तमानपत्रांतून ‘फुलांचा गालिचा’ अंथरला जातो. हा गालिचा म्हणजे वृत्तपत्री शालूच. त्यात एक निळसर-जांभळे, नखाएवढे फूल असते. लोक त्याला ‘सीतेची आसवं’ म्हणतात. नाव ऐकून गळा दाटून येतो. पण खाली वाकून, ओल्या खडकावरच्या पाण्याच्या पातळ थरात पाहिले तर समजते की ही वनस्पती मांसाहारी आहे. तिच्या बारीक देठांना सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातला एखादा चिमुकला जीव पिशवीच्या केसांना लागला की झडप उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप मिटते. हे का? कारण जांभ्यावर माती बोटभर आणि तीही निकस. नत्र मिळवायचे तर ते शिकारीतूनच. सीतेची आसवे आणि खडकावरची उपासमार, दोन्ही गोष्टी एकाच फुलात आहेत आणि ‘गालिचा’ म्हटले की दोन्ही दिसेनाशा होतात. शेजारचा तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि वर्षानुवर्षे न फुलता एका हंगामात उधळण करणारी टोपली कारवी, प्रत्येकाची गोष्ट निराळी.

इंग्लंडमध्येही हा प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहिला होता. मुलांसाठीच्या ऑक्सफर्ड ज्युनिअर शब्दकोशाच्या २००७च्या आवृत्तीतून खंड्या, पाणमांजर असे कितीतरी निसर्गशब्द गळले आणि संगणकाच्या दुनियेतले शब्द आत आले. यावर मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्यासह लेखकांनी २०१५मध्ये जाहीर पत्र लिहिले, आणि रॉबर्ट मॅकफार्लेन व जॅकी मॉरिस यांनी २०१७मध्ये त्या हरवलेल्या शब्दांचेच सचित्र पुस्तक काढले. आपल्याकडचा पेच थोडा वेगळा आहे. इथे शब्द कोशात आहेत. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) रानाचे, शेताचे, पावसाचे शब्द खच्चून भरलेले आहेत. ते वर्गात येत नाहीत, एवढेच.

लिहू लागलेली मुले साधारण तीन टप्प्यांतून जाताना दिसतात. पहिला शालूचा. दुसरा अनुकरणाचा. चितमपल्ली वाचून झाले की मुलाच्या लेखनात एकाएकी चांदणे उतरते, दूर कुठेतरी रातवा ओरडतो आणि कुणीतरी वृद्ध आदिवासी गूढ काहीतरी सांगून जातो. या टप्प्याला हसू नये. सगळेच लेखक कुणाची तरी नक्कल करत शिकतात. धोक्याचा टप्पा तिसरा. पर्यावरणाचा अभ्यासक्रम सुरू होतो (सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये तो शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला) आणि मूल एकदम अहवालात बोलू लागते. ‘सदर परिसरात विविध प्रजाती आढळून येतात.’ ‘अधिवासाचा ऱ्हास झाल्याने त्या नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत.’ शालू गेला, गणवेश आला. कुठला परिसर, कोणती प्रजाती, कुणाला आढळली, काय करताना आढळली, यातले एकही उत्तर या वाक्यांत नाही. शालूवाला निबंध निदान आपण कविता करतोय हे लपवत नाही. या वाक्यांना मात्र शास्त्राचा आव असतो, म्हणून ती जास्त फसवतात.

यातून बाहेर पडायला फार मोठी विद्या लागत नाही. ‘पहिल्या पावसानंतर सृष्टीत चैतन्य पसरले’ याऐवजी एवढेच लिहून पाहावे: ‘रात्री दिव्याभोवती पंखांची वाळवी जमली, सकाळी ओसरीवर नुसत्या पंखांचा खच होता. कोतवाल तारेवर बसून उरलेली वाळवी हवेतच टिपत होता. चार दिवसांनी बांधावर टाकळा उगवला.’ यात एकही अलंकार नाही. पण वाळवी, कोतवाल, टाकळा अशी तीन नावे आहेत, जमणे, टिपणे, उगवणे अशी तीन कामे आहेत, आणि दिवसांचा हिशेब आहे. चैतन्य वाचकाला आपोआप कळते. यासाठी लागते ती एक वही, जिच्यात तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेली गोष्ट जागेवरच टिपलेली असते. पुरंदऱ्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘कापशीची डायरी’ आहे, त्यातच पद्धत आली. आता ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर महाविद्यालयीन मुले रोज नोंदी टाकतात. महाराष्ट्र पक्षिमित्र या संस्थेने पक्ष्यांची प्रमाण मराठी नावेही ठरवून दिली आहेत. दोन्ही गोष्टी कामाच्या. फक्त प्रमाण नाव घेताना गावातले नाव पुसून टाकू नये. भारद्वाज हे नाव ठरले म्हणून कुंभारकावळा, सोनकावळा, कुक्कुडकोंबा बाद होत नाहीत. अ‍ॅपच्या रकान्यात एक नाव पुरते, गद्यात चारही लागतात.

गावपातळीवर अशी नोंद करण्याची कायदेशीर सोयही आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते आणि स्थानिक नावे, उपयोग, आठवणी हा तिचा गाभा. कल्पना अशी, की गावातल्या जाणत्यांनी सांगावे आणि लिहू शकणाऱ्यांनी टिपून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर पुष्कळ नोंदवह्या घाईघाईत उरकल्याची टीका झाली. एका गावाची माहिती दुसऱ्या गावाच्या वहीत उतरली तर ती नोंद कशाची? हे काम शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना नीट वेळ देऊन सोपवले असते तर वह्या खऱ्या झाल्या असत्या आणि मुलांना लेखनाचा असा सराव मिळाला असता जो कुठल्याच कार्यशाळेत मिळत नाही.

एक उणीव मात्र थोरामोठ्यांच्या लेखनातही राहिली आहे. मराठी निसर्गलेखन बरेचसे रानात ‘जाणाऱ्यांनी’ लिहिले, रानात ‘असणाऱ्यांनी’ कमी. वाहरू सोनवण्यांच्या ‘गोधड’मधली कविता किंवा सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ निसर्गलेखन म्हणून कुणी मांडत नाही. का? कोरडी विहीर हा निसर्ग नाही काय? अतुल देऊळगावकरांनी ‘विश्वाचे आर्त’सारख्या पुस्तकांतून हवामानबदल, दुष्काळ हे विषय मराठी गद्यात आणले, पण त्यांना ‘पर्यावरण’ या वेगळ्या फडताळात ठेवले जाते आणि ‘निसर्ग’ या फडताळात धुके, पक्षी, वाघ राहतात. मराठवाड्यातल्या ज्या मुलाने टँकरच्या रांगेत हंडा लावला आहे त्याला ‘झुळझुळ झरे’ लिहायला लावणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे आणि भाषेवरचाही.

त्याच्यासाठी जागा आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आहे, ‘भवताल’सारखी नियतकालिके आहेत, प्रत्येक महाविद्यालयाचा वार्षिक अंक आहे. पण सुरुवात वर्गातच व्हायला हवी आणि त्यासाठी मंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, कारण आठवीपर्यंतचे आकारिक मूल्यमापन शिक्षकाच्याच हाती असते. तेव्हा मराठीच्या शिक्षकांना एक विनंती. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक मुलाला एक झाड, एक विहीर, एक बांध किंवा गॅलरीतली एक कुंडी ठरवू द्या. मार्चपर्यंत पंधरवड्याला पाच ओळी, तारखेसह, घरात बोलतात त्या शब्दांत. शुद्धलेखनाचे गुण कापू नका, ‘किलबिलाट’ दिसला तर मात्र शेजारी लाल शाईने लिहा: कुणाचा?